ऊसतोडीचे स्थलांतर: प्रश्न जाण्याचा कमी, उचलीचा जास्त

बीड जिल्ह्याच्या डोंगराळ तालुक्यांत नव्याने कामाला लागलेल्या एका कार्यकर्तीने मला दोन प्रश्न विचारले आहेत; हे उत्तर त्यांनाच उद्देशून आहे. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे वाड्यावस्त्या रिकाम्या होऊन माणसे ऊसतोडीला जातात, तर या स्थलांतराला नाइलाज म्हणावे की पोटापाण्याची विचारपूर्वक केलेली तजवीज, हा पहिला. संस्थेकडचा तोकडा पैसा लोकांना गावातच थांबवण्यावर खर्च करावा की त्यांचे जाणे-येणे सुखरूप व्हावे यासाठी, हा दुसरा. या पट्ट्यात वीसेक वर्षे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की कोण जातो आणि कोण राहतो हे मोजून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. उचल, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी मजुरीपोटी घेतलेली आगाऊ रक्कम, कोणत्या महिन्यात, कशासाठी आणि किती घेतली, हे विचारल्यावर ते मिळते. दुसऱ्या प्रश्नाचा बराचसा गुंताही तिथेच सुटतो.

आधी पंचांग लक्षात घ्या. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज हे तालुके बालाघाटाच्या पठारावर आणि त्याच्या उतारांवर पसरलेले आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातले पाथर्डी त्यांचेच भावंड. जमीन हलकी, मुरमाड, पाऊस पर्जन्यछायेतला आणि बेभरवशाचा. खरिपात बाजरी, मूग, उडीद, तूर, अलीकडे कापूस आणि सोयाबीन. रब्बीची ज्वारी येते ती जमिनीत ओल टिकली तर. खरिपाचा माल घरात आला की पुढच्या मृगापर्यंत दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू शेतात दोन माणसांच्या हाताला पुरेल इतके काम उरत नाही. नेमक्या त्याच सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. उन्हाळा लागला की पट्टा पडतो, म्हणजे कारखान्याचे गाळप संपते, आणि माणसे गावी येऊन लग्नकार्ये उरकतात, मशागत करतात, पेरणीला हजर राहतात. दोन हंगाम एकमेकांत इतके चपखल बसतात की ऊसतोडीमुळे शेती सुटते हा समज इथे उलटा ठरतो. पुष्कळ घरांची कोरडवाहू शेती आजवर टिकली ती ऊसतोडीच्या पैशातून बी-बियाणे आणि बैल येत राहिले म्हणून. कोकणातून एक कर्ता मुलगा मुंबईच्या गिरणीत जायचा, मनीऑर्डर पाठवायचा आणि बाकीचे घर गावातच राहायचे. बालाघाटावर तसे होत नाही. इथे नवराबायको, कडेवरचे मूल, बैलजोडी, पाण्याची घागर आणि दळणाचे पीठ असे सगळे बिऱ्हाडच हलते. हा फरक वरवरचा नाही, कारण घरातला एकच जण गेला तर मागचे घर शाबूत राहते. सगळेच गेले तर शाळा, रेशन, दवाखाना आणि ग्रामसभा यांच्याशी असलेला संबंध सहा महिने तुटतो.

ही माणसे पूर्वापार ऊस तोडतच आली आहेत असेही नाही. नद्या आणि कालव्यांच्या पाण्यावर ऊस वाढला, १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत त्या नमुन्यावर एकामागून एक कारखाने निघाले. तोडलेला ऊस पडून राहिला की वजनही घटते आणि साखरेचा उताराही, म्हणून गव्हाण, म्हणजे कारखान्यात ऊस ओतला जातो ती जागा, अखंड चालती ठेवावी लागते. त्यासाठी हवा तेव्हा, पहाटे किंवा मध्यरात्रीही, बोलावता येईल असा मजूर लागतो. गावातला मजूर संध्याकाळी घरी जातो, त्याला सणवार असतात, घरी आजारी माणूस असते. फडाच्या, म्हणजे तोडणी चाललेल्या उसाच्या शेताच्या, कडेला कोपी (झोपडी) घालून राहणारी परक्या मुलखातली टोळी कारखान्याला सोयीची पडते ती या कारणाने, केवळ स्वस्त म्हणून नव्हे. १९७२ च्या दुष्काळाने या वाटेवर हजारो नवी घरे आणून सोडली. याचा अर्थ असा की ज्याला आपण मागास किंवा सीमांत प्रदेश म्हणतो त्याचे मागासपण एकट्या त्याच्या जमिनीत नसते; बागायती प्रदेशाने आपली मजुरांची गरज त्याच्यावर टाकलेली असते. प्रकल्पाच्या कागदांत हे वाक्य सहसा येत नाही.

त्याच दुष्काळातून राज्याची रोजगार हमी योजना (रोहयो) उभी राहिली. वि. स. पागे यांनी तिचा आराखडा मांडला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि १९७९ पासून तो लागू झाला. मग रोहयो असताना लोक जातात कशाला, हा प्रश्न मला प्रत्येक नवा अधिकारी विचारतो. दर पाहिले तर प्रश्न रास्त वाटतो. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता, म्हणजे नवराबायकोचे ५९४. ऊसतोडीचा दर २०२४ च्या जानेवारीतील करारात ३४ टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. एका जोडीने दिवसाला दोन टन ऊस तोडला तर ७३२ रुपये पडतात, आणि ते आठ तासांत नव्हे, बारा-चौदा तासांत. तासाचा हिशेब केला तर रोहयोच उजवी ठरते. तरीही माणसे जातात, कारण रोहयोची मजुरी काम झाल्यावर आणि बहुधा उशिरा मिळते, तुकड्यातुकड्यांनी मिळते. शिवाय पुढे आलेल्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यातली १०० दिवसांची हमी कुटुंबाला होती, माणशी नव्हती, त्यामुळे दोघे कामाला लागले की ती ५० दिवसांत संपे. पुढचे दिवस राज्याच्या निधीतून देण्याची तरतूद असली तरी तेवढे काम मंजूर होणे ही वेगळी कसरत असते. मुकादम मात्र भाद्रपदात दारात येऊन एकगठ्ठा रक्कम हातावर ठेवतो. दोन एकर मुरमाड जमिनीवर लाखभर रुपये, तेही तारण न मागता, कोणती बँक देते? उचलीला मजुरी म्हणून बघू नका, कर्ज म्हणून बघा. मग रोहयोची स्पर्धा तिच्याशी का होत नाही ते कळेल.

आता हेच कर्ज फिटते कसे ते पाहू. एका कोयत्याने, म्हणजे एका जोडीने, एक लाख रुपये उचल घेतली असे धरा. ३६६ रुपयांच्या दराने ती फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागतो; दिवसाला दोन टन धरले तर १३७ दिवसांचे काम. कारखाना पाच-साडेपाच महिने चालला तर हे जमते. पण नवे कारखाने निघत गेले, जुन्यांची गाळपक्षमता वाढली आणि ऊस कमी असलेल्या वर्षी हंगाम शंभर दिवसांच्या आसपासच आटोपू लागला. शंभर दिवसांत २०० टन, म्हणजे ७३,२०० रुपये. अंगावर राहिले २६,८००. त्यात अजून खर्ची धरलेली नाही. फडावर तेलामिठासाठी मुकादम आठवड्याला जी रक्कम देतो ती खर्ची, आणि तीही उचलीतच मांडली जाते. आठवड्याला दोन हजार धरली तर चौदा आठवड्यांत २८,००० होतात. सगळे दिवस काम करूनही ही जोडी जवळजवळ ५५,००० रुपयांची बाकी घेऊन गावी येते, आणि ती बाकी फेडण्यासाठी पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते. पावसाने फड भिजला, गाडी आली नाही किंवा बैल बसला तर ते दिवस वेगळेच. उसाचे वाढे (शेंड्याचा हिरवा पाला) विकून चार पैसे येतात, पण ते तिथेच खर्च होतात. हे आकडे मी समजावण्यासाठी मांडले आहेत, प्रत्येक घराचे निराळे असतील. मात्र दर वाढवून घेण्याच्या लढाईइतकेच हंगामाच्या दिवसांकडे लक्ष द्यायला हवे, हे त्यातून दिसावे. संपाच्या वेळी टनाच्या दरावर महिनोन्महिने वाटाघाटी होतात, किमान किती दिवस काम मिळेल यावर मी तरी कधी जोरकस चर्चा ऐकलेली नाही.

या कामाची कल्पना कागदावरून येत नाही, म्हणून एक रात्र सांगतो. जानेवारीतली होती. कोपीत जेवण आटोपून माणसे आडवी झाली आणि साडेअकराच्या सुमारास ट्रॅक्टरचा उजेड फडावर पडला. गाडी भरून द्यायची होती. पुरुष ट्रॉलीला लावलेल्या अरुंद फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन चढत होते, बायका खालून मोळ्या उचलून देत होत्या. फळी दवाने ओली झाली होती. एका बाईने लुगड्याच्या ओच्यात बांधलेले सुतळीचे वेटोळे सोडून फळीला दोन ठिकाणी आवळले, पायाला पकड मिळावी म्हणून, आणि पुन्हा मोळ्यांकडे वळली. गाडी दोन वाजता निघाली. पहाटे चारला तीच बाई चूल पेटवत होती, कारण उजाडायच्या आत तोड सुरू करायची होती. भरणीसाठी मोडलेल्या झोपेचा हिशेब कोणत्याच दरात धरलेला नसतो.

मग हा सगळा सापळाच आहे का? तसे म्हटले तर ज्या घरांनी या वाटेने काही मिळवले त्यांच्यावर अन्याय होईल. माझ्या पाहण्यातल्या एका वाडीवर दोघे भाऊ होते. थोरला आणि त्याची बायको दहा वर्षे तोडीला गेली. धाकटा आईवडिलांजवळ राहिला, चारही एकर जमीन त्याने कसली आणि थोरल्याची मुले त्याच्याच घरून शाळेत गेली. उचल आली की आधी विहीर, मग मोटार, मग दुभती जनावरे असा क्रम त्यांनी ठेवला. अकराव्या वर्षी थोरला गेला नाही. त्यांच्या बाबतीत स्थलांतराला तजवीज म्हणायला हरकत नाही, कारण त्यांनी उचल घेतली ती एखादी गोष्ट उभी करण्यासाठी, आणि मागे घर सांभाळणारे माणूस होते. शेजारच्याच घरात उचल आषाढात घेतली गेली, दवाखान्याच्या बिलासाठी. मुकादमाकडे हंगामाच्या तीन महिने आधी हात पसरणाऱ्याला तो सांगेल ती रक्कम आणि सांगेल तो कारखाना पत्करावा लागतो. भाद्रपदात दोन मुकादमांशी घासाघीस करून घेतलेली उचल आणि आषाढात गरजेपोटी घेतलेली उचल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावपातळीच्या पाहणीत मी आता पहिल्यांदा हा महिना विचारतो.

मुकादमाला खलनायक ठरवण्याची घाई करू नका, असेही इथेच सांगून ठेवतो. तो बहुतेकदा त्याच गावचा, त्याच भावकीतला, कधीकाळी स्वतः कोयता धरलेला असतो. कारखान्याकडून किंवा वाहतूक ठेकेदाराकडून रक्कम त्याच्या नावावर येते, करारावर सही त्याची असते. एखादी जोडी दोन ठिकाणी उचल घेऊन तिसरीकडेच निघून गेली तर त्याची जमीन जाते. त्याचे कमिशन मजुरीच्या २० टक्के आहे आणि जोखीमही त्याचीच आहे. खरा घोळ असा की कारखान्याने मालक म्हणून घ्यायची सगळी जबाबदारी या साखळीत खाली ढकलली गेली आहे. मजुराच्या हातात कारखान्याचा एकही कागद नसतो, म्हणून अपघात झाला की कारखाना मुकादमाकडे आणि मुकादम नशिबाकडे बोट दाखवतो. पैसे वसूल होईपर्यंत माणसाला डांबून ठेवण्याचे प्रकारही घडतात, आणि त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही: घेतलेल्या अग्रिमापायी काम सोडून जाण्याचे स्वातंत्र्य गमावणे ही १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यातील वेठबिगारीच आहे.

बायकांविषयी वेगळे सांगायला हवे. कोयता हा जोडीचा धरतात. एकटे माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला उचलही अर्धी आणि अनेक मुकादम तर घेतच नाहीत. त्यामुळे विधवा किंवा टाकलेल्या बाईला ही वाट जवळजवळ बंद असते आणि तरण्या मुलाचे लग्न लवकर उरकण्याचा दबाव घरावर येतो. बालविवाहांच्या बाबतीत बीड राज्यात वरच्या क्रमांकांवर राहते, त्यामागे हे एक ठसठशीत आर्थिक कारण आहे; केवळ प्रबोधनाच्या फलकांनी ते हलत नाही. कामावर न गेलेल्या दिवसाचा खाडा कापला जातो, फडावर आडोसा नसतो, पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलाव्याच लागतात. २०१९ मध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय चव्हाट्यावर आला तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली, म्हणजे सहा जणींमागे एक. त्यानंतर खासगी दवाखान्यांवर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचे बंधन आले. ते योग्यच होते, पण खाडा तसाच राहिला.

सरकारी नोंदींतून ही माणसे कशी निसटतात हेही माहीत असू द्या, कारण तुम्हाला प्रस्ताव लिहायचे आहेत. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००७-०८ च्या फेरीत महिना किंवा त्याहून जास्त पण सहा महिन्यांहून कमी काळ कामासाठी बाहेर राहिलेल्याला अल्पकालीन स्थलांतरित धरले होते. सहा महिने पूर्ण होऊन वर आठवडा झाला की तोच माणूस त्या रकान्यातून बाहेर पडतो. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा झाला, पण त्याच्या नावातच आंतरराज्य आहे: धारूरहून बेळगावला जाणारा त्यात येत होता, कोल्हापूरला जाणारा येत नव्हता. एकाच वाडीतले दोन भाऊ, एकाच तारखेला निघालेले, आणि कायद्याच्या दृष्टीने वेगळे! अलीकडे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले, त्यासाठी गाळलेल्या टनामागे १० रुपये कारखान्यांनी आणि तितकेच सरकारने द्यायचे ठरले, ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्रांचे काम सुरू झाले, मुलांसाठी वसतिगृहे मंजूर झाली. या गोष्टी आपल्या गावात किती पोहोचल्या हे बघणे हेच तुमचे काम आहे, म्हणून त्यावर लांबण लावत नाही.

आता पैशाचा प्रश्न. आमच्याच एका चुकीपासून सुरुवात करतो. एका पाणलोट प्रकल्पात बांधबंदिस्ती झाल्यावर तोडीला जाणाऱ्या जोड्या पुष्कळ घटल्या आणि आम्ही अहवालात स्थलांतर रोखल्याचे लिहिले. देणगीदार खूश झाले. त्या वर्षी पाऊसच उत्तम झाला होता. पुढल्या दोन कोरड्या वर्षांत आकडा पूर्वीच्या जागी आला. पाणलोटाचा उपयोग झाला होता, पण तो निराळ्या जागी: ज्यांच्या विहिरींना पाणी टिकले त्यांनी उचल कमी घेतली. आम्ही ते मोजलेच नव्हते.

त्यामुळे मी स्वतः पैसा आषाढ-श्रावणात लावीन. बचत गटांच्या संघाकडून पंचवीस-तीस हजारांपर्यंतचे आजारपणाचे आणि पेरणीचे कर्ज त्या दोन महिन्यांत मिळू शकले, तर घर भाद्रपदापर्यंत तग धरते आणि मुकादमाशी बोलणी करण्याच्या स्थितीत राहते. त्यानंतर वसतिगृह, पण ते टोळ्या निघायच्या आधी सुरू झाले तरच उपयोग, कारण मूल एकदा फडावर गेले की अर्ध्या हंगामात परत येत नाही. फडावर काही करायचे असेल तर वजनाच्या चिठ्ठ्यांपासून करा. प्रत्येक गाडीची चिठ्ठी ट्रॅक्टरवाल्याकडे किंवा मुकादमाकडे जाते आणि पट्टा पडल्यावर तो सांगेल तो हिशेब खरा धरावा लागतो. शाळा शिकलेली एखादी सून टोळीत असेल तर तिच्या मोबाइलवर रोजच्या चिठ्ठीचा फोटो ठेवायला लावणे, एवढ्यानेच आम्ही पाहिलेल्या काही टोळ्यांत शेवटच्या दिवशीची भांडणे कमी झाली. ऊसतोडणी यंत्रे वाढत आहेत, त्यांना अनुदानही आहे. ती सगळ्या मजुरांना घालवणार नाहीत, पण सलग मोठे, सोपे फड आधी यंत्राकडे जातील आणि आडव्या पडलेल्या उसाचे, लहान तुकड्यांचे, ओल्या वाटेचे फड माणसांकडे राहतील. त्याच दराने मग दिवसाला दोन टनही पडणार नाहीत. हा धोका पुढच्या कराराच्या बोलण्यांत आलाच पाहिजे.

पाहणीचा नमुना तुम्ही पाठवला होता, त्यात 'घरातून किती जण गेले' हा प्रश्न सुरुवातीलाच आहे. तो राहू द्या, पण शेवटी तीन रकाने वाढवा: उचल कोणत्या महिन्यात घेतली, कशावर खर्च झाली, आणि पट्टा पडला तेव्हा बाकी किती राहिली. हे मे महिन्यात विचारा, घर परतून आठवडा झाल्यावर, आणि बाईला वेगळे विचारा. बाकीचा आकडा बहुधा तिला माहीत असतो आणि नवऱ्याने सांगितलेल्या आकड्याहून तो पाच-दहा हजारांनी जास्त निघतो.